गिझर वीस मिनिटं चालतो, हीट पंप रात्रभर

प्रश्न : ताई, आमचं घर दुमजली, पंचवीस वर्षांपूर्वीचं, आणि वायरिंगही तेव्हाचंच आहे. आईला आता थंडी सोसत नाही, म्हणून बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारा हीट पंप बसवायचं ठरवलं आहे. तेच पाणी खोल्यांमधल्या रेडिएटरमधून फिरेल आणि आंघोळीचं पाणीही त्यावरच तापेल. यंत्र ९ किलोवॉटचं, आणि सोबत ६ किलोवॉटचा मदतीचा हीटर. नेमप्लेटवर कमाल प्रवाह १७ अँपिअर लिहिलाय. घराला सिंगल फेज जोडणी आहे, मेन एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ४० अँपिअरचा. बोर्ड पुढच्या खोलीत आणि बाहेरचं युनिट मागच्या भिंतीला, म्हणजे तीस मीटर वायर लागेल. विकणारे म्हणतात, मागच्या खोलीत एसीचा जुना पॉइंट आहे, त्यालाच जोडून देतो. आमचे वायरमन म्हणतात, थ्री फेज घ्या आणि सगळं घर नव्याने वायर करा. गिझर लावला की हॉलमधले दिवे जरा मंद होतात, एवढं सोडलं तर आजवर काही तक्रार नाही. कुणाचं ऐकू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं. 'एवढं सोडलं तर' म्हणून तुम्ही जे बाजूला सारलंत, तेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. यंत्र, थ्री फेज, नवं वायरिंग हे सगळं नंतर बघू. आधी दिवे का मंद होतात ते शोधायला हवं.

२ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. तेवढ्याने दिवे डोळ्यांना जाणवण्याइतके मंद होत असतील, तर विजेच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. स्क्रू सैल झाला असेल, जोड गंजला असेल किंवा वायरच बारीक असेल. फक्त हॉलमधलेच दिवे मंद होत असतील आणि वरच्या मजल्यावर काही फरक पडत नसेल, तर दोष घरातल्या त्या सर्किटवर आहे. बहुधा गिझर आणि हॉल एकाच वायरवर घेतले असावेत. सगळं घरच मंद होत असेल, तर दोष मेन स्विचपाशी, मीटरपाशी किंवा त्याही पलीकडे खांबाकडून येणाऱ्या वायरमध्ये आहे. आज संध्याकाळी एकाला गिझरच्या बटणापाशी उभं करा आणि तुम्ही खोल्याखोल्यांतून फिरून बघा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दिवे मंद होण्याऐवजी मध्येच एकदम प्रखर होत असतील, तर बाहेरचा न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर, सैल असण्याची दाट शक्यता आहे. तसं दिसलं तर मेन बंद करा आणि लगेच वीज कंपनीला कळवा, कारण त्यात घरातलं व्होल्टेज भलतंच वर जाऊ शकतं.

मग वायरमनला बोलावून एक साधी मोजणी करून घ्या. बोर्डातच, मेनच्या पुढे, गिझर बंद असताना व्होल्टेज बघायचं आणि मग गिझर चालू करून पुन्हा बघायचं. समजा २२८चे २२६ झाले. २ व्होल्टला ८.७ अँपिअरने भागलं, तर वाटेतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, पाव ओहमच्या आत येतो. ते ठीक आहे. पण २२८चे २१९ झाले तर रोध एक ओहमच्या घरात आहे. त्याच वाटेने हीट पंपाचे १७ अँपिअर गेले, तर १७ व्होल्ट वाटेतच संपतील आणि जवळजवळ २९० वॉट उष्णता वाटेत तयार होईल. अडथळा एकाच सैल जोडात असेल, तर यातली बहुतेक उष्णता त्या बोटभर जागेत साठेल. शिवाय आजचे इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारे, व्होल्टेज पडलं की तेवढंच काम करायला जास्त प्रवाह ओढतात, म्हणजे जोड आणखी तापतो आणि व्होल्टेज आणखी पडतं.

आता ९ किलोवॉट या आकड्याविषयी. तो ऐकून तुमचे वायरमन दचकले असतील, तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण बाकी सगळ्या उपकरणांवर लिहिलेले किलोवॉट विजेचेच असतात. हीट पंपाचे ९ किलोवॉट मात्र उष्णतेचे आहेत. तो उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली गोळा करून आत आणतो. फ्रिज जसा आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसाच, फक्त दिशा उलटी. हवामान सौम्य असताना एक युनिट विजेवर तीन-साडेतीन युनिट उष्णता मिळते, म्हणजे ९ किलोवॉट उष्णतेसाठी अडीच-तीन किलोवॉट वीज पुरते. थंडी वाढली की हवेतून उष्णता ओढणं कठीण होतं आणि विजेचा वाटा वाढतो. तुमच्या नेमप्लेटवरचे १७ अँपिअर म्हणजे साधारण ३.९ किलोवॉट. वायरिंगचा हिशेब नेहमी या कमाल आकड्यावर करायचा. माहितीपत्रकातला सरासरी वापर वीजबिलाचा अंदाज बांधायला ठीक आहे, वायर निवडायला नाही.

पण अँपिअरपेक्षाही मला तुमच्या मनावर ठसवायचे आहेत ते तास. गिझर २ किलोवॉट घेतो, पण वीस मिनिटांत पाणी तापलं की बंद होतो. तेवढ्यात वायर तापायला लागते आणि लगेच थंड होते. इस्त्रीही मध्येमध्ये तुटत चालते. हीट पंप तसा नाही. कडक थंडीच्या रात्री तो संध्याकाळी सुरू होतो आणि सकाळपर्यंत थांबत नाही. जो जोड वीस मिनिटांचा भार वीस वर्षं निभावून नेतो, तोच जोड आठ तासांच्या सलग भाराला एका हिवाळ्यात जळू शकतो. घरात आजवर काही झालं नाही, हा वायरिंग चांगलं असल्याचा पुरावा नव्हे. त्या वायरिंगची अशी परीक्षाच कधी झालेली नाही.

मी स्वतः पाहिलेलं एक उदाहरण सांगते. एका घरात बरीच वर्षं गिझर आणि इस्त्री बिनतक्रार चालत होती. एका हिवाळ्यात त्यांनी २ किलोवॉटचा रूम हीटर आणला आणि तो रात्रभर चालू ठेवू लागले. तीनेक आठवड्यांनी बोर्डाच्या कपाटातून जळका, थोडा मासळट वास येतो म्हणून मला बोलावलं. मेन बंद करून झाकण काढलं. बाकी सगळ्या वायर जशाच्या तशा, फक्त न्यूट्रलच्या पट्टीवरचा एक स्क्रू काळवंडलेला. त्या वायरचं काळं आवरण स्क्रूपासून चार बोटं करडं, फिकं पडलं होतं. मी ती नुसती बाजूला करायला गेले, तर आवरण वाळल्या पानासारखं चुरा होऊन खाली पडलं. एमसीबी एकदाही पडला नव्हता. पडणार कसा? प्रवाह जास्त नव्हताच. जोड सैल होता.

हिशेब करून बघा. सैल जोडात ०.१ ओहम रोध धरा. १५ अँपिअर प्रवाह गेला की प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे साडेबावीस वॉट. घरगुती कामाचं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं आणि त्याने कथील वितळतं. एवढी उष्णता एका स्क्रूखाली तासन्‌तास. एमसीबीला ती दिसत नाही, कारण त्याचं लक्ष फक्त प्रवाहावर असतं.

प्रवाहाच्या बाबतीतही एमसीबी आपण समजतो तितका कडक नसतो. त्यावरच्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह गेला तरी तो तासभर पडू नये, अशीच त्याची रचना असते. १.४५ पट गेला तर तासाच्या आत पडायला हवा. म्हणजे १६ अँपिअरच्या एमसीबीमधून १८ अँपिअर बिनबोभाट वाहू शकतात. तुमच्या एसीच्या जुन्या पॉइंटवर बहुतेक असाच १६चा एमसीबी आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर असेल. त्यावर १७ अँपिअरचं यंत्र जोडलं तर एमसीबी गप्प बसेल, यंत्र चालेल, सगळे खूश होतील, आणि भिंतीतली जुनी वायर आणि तिचे जोड रोज रात्री तापत राहतील. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. त्यावर दर आठ-दहा अंशांना आवरणाचं आयुष्य निम्मं होतं, असा आमच्या कामातला ठोकताळा आहे. म्हणून विकणाऱ्यांचं एसीच्या पॉइंटचं म्हणणं मी साफ नाकारते. प्लग आणि सॉकेट हा तर नकोच. हीट पंपाला बोर्डापासून स्वतःची, मध्ये एकही जोड नसलेली, थेट वायर हवी.

वायर किती जाडीची, ते तुमच्या तीस मीटरवर ठरतं. जाणं-येणं मिळून साठ मीटर तांबं होतं. २.५ची वायर घेतली तर १७ अँपिअरला सुमारे ७ व्होल्ट वाटेत जातात, ४ची घेतली तर साडेचार, ६ची घेतली तर ३. हे थंड वायरचे आकडे आहेत, तापल्यावर थोडे वाढतात. मी तुम्हाला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यायला सांगेन. ४ची कागदावर बसते, पण वायर कंड्युटमधून, म्हणजे नळीतून, जाते, कंड्युट भिंतीतून, आणि भिंतीला उष्णतारोधक थर दिला असेल तर वायरची उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही. अशा ठिकाणी वायरची क्षमता बरीच खाली येते. भिंत फोडायचा त्रास एकदाच होणार आहे, तर जाडीत काटकसर नको. कंड्युटही एक माप मोठाच टाका.

एमसीबीचं गणित असं. सलग चालणाऱ्या भाराला सव्वा पट जागा ठेवायची. १७ची सव्वा पट म्हणजे २१ आणि थोडं, म्हणून २५ अँपिअरचा, सी प्रकारचा. कॉम्प्रेसर आणि इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह घेतात. बी प्रकारचा एमसीबी तीन ते पाच पटीला लगेच पडतो, सी प्रकारचा पाच ते दहा पटीला. पण यंत्राच्या पुस्तिकेत कमाल किती अँपिअरचा एमसीबी चालेल ते दिलेलं असतं आणि तो आकडा माझ्या हिशेबावर मात करतो. पुस्तिकेत २० लिहिलं असेल तर २०च. बोर्डात तो एमसीबी बसवताना शेजारची एक जागा रिकामी सोडायला सांगा. एमसीबी ३० अंश तापमानाला जुळवलेले असतात. दाटीवाटीने बसवलेले, रात्रभर भार वाहणारे एमसीबी एकमेकांना तापवतात आणि मग पहाटे चारला विनाकारण पडतात. तुमच्या आईसाठी हे यंत्र घेताय, पहाटे चारला ते बंद पडलेलं परवडणार नाही.

आता खरी अडचण. ती हीट पंप नाही, त्याच्यासोबतचा ६ किलोवॉटचा हीटर आहे. हा साधा कॉइलचा हीटर, एक युनिट विजेला एक युनिट उष्णता देणारा. ६ किलोवॉट म्हणजे २६ अँपिअर. पंपाचे १७ आणि याचे २६ मिळून ४३, म्हणजे घरात एक दिवाही न लावता तुमचा ४० अँपिअरचा मेन ओलांडला. आणि दोन्ही एकाच वेळी चालणार ते नेमके सर्वांत थंड रात्री, किंवा बाहेरच्या कॉइलवर साचलेला बर्फ वितळवण्यासाठी पंप थोडा वेळ उलटा फिरतो तेव्हा. 'सगळं एकदम थोडंच चालतं' हा आपला नेहमीचा दिलासा इथे लागू पडत नाही. थंडी सगळ्यांना एकदम चालू करते.

तुमच्या वायरमनचं थ्री फेजचं म्हणणं बहुधा याच हिशेबातून आलं असावं. पण त्याच्या अलीकडे बरंच काही करता येतं. हे हीटर बहुतेक ३ आणि ३ अशा दोन टप्प्यांत असतात. एकच टप्पा जोडला तर १३ अँपिअर लागतात. तोही पंपाच्या कंट्रोलरमधून असा लावता येतो, की बाहेरचं तापमान ठराविक अंशाखाली गेल्याशिवाय तो सुरूच होणार नाही. आणि त्याच्या वाटेत भार बघणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, बसवता येतो. मेनवर एक छोटी प्रवाह मोजणारी कडी बसते, घराचा एकूण प्रवाह ठरवलेल्या मर्यादेपाशी आला की रिले हीटरला तात्पुरता तोडतो आणि भार उतरला की पुन्हा जोडतो. खोल्या पाच-दहा मिनिटांत थंड होत नाहीत, त्यामुळे घरात कुणाला कळतही नाही. मला हा उपाय मनापासून आवडतो.

पण तो पुरेसा आहे का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुमचे वायरमनही नुसतं बघून सांगू शकत नाहीत. त्यासाठी घराचा खरा भार मोजायला हवा. टोंग टेस्टर, म्हणजे प्रवाह मोजणारा चिमटा, मेनच्या फेज वायरभोवती लावून आठवडाभर रोज सकाळी आंघोळीच्या वेळी आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी कमाल आकडा टिपून ठेवा. झाकण काढायचं काम वायरमनचं, तुम्ही हात घालू नका. आकडा साठवून ठेवणारा मीटर मिळाला तर उत्तमच. समजा, सर्वांत वरचा आकडा २४ आला. त्यातून गिझरचे ८.७ वजा करा, कारण आता आंघोळीचं पाणी पंपच तापवणार. राहिले साधारण १५. त्यात पंपाचे १७ मिळवले की ३२. चाळीसच्या मेनवर सलग भारासाठी ऐंशी टक्के, म्हणजे ३२च, ही मी मर्यादा मानते. काठावर, पण बसतं. हीटरचा एक टप्पा मिळवला तर ४५ होतात, म्हणून तो रिलेशिवाय अजिबात नाही. तुमचा आकडा २४च्या बराच खाली आला तर निश्चिंत राहा. ३०च्या वर आला, तर जोडणीचा मंजूर भार वाढवावाच लागेल आणि मग थ्री फेज घेणं शहाणपणाचं. दोन-तीन वर्षांत विजेवरची गाडी घेण्याचा विचार असेल तरीही तेच. गाडीचा घरगुती चार्जर ३२ अँपिअरपर्यंत घेतो आणि तोही रात्रभर चालतो. थ्री फेज घ्यायचं ठरलं तर अर्ज आधी करा आणि यंत्र नंतर मागवा. कागदपत्रांना वेळ लागतो. यंत्र खोक्यात पडून आणि हिवाळा दारात, अशा घाईत लोक तात्पुरती जोडणी करून घेतात आणि ती मग वर्षानुवर्षं तशीच राहते.

जाता जाता एक विचारते. ९ किलोवॉट हा आकडा कुणी काढला? खिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि छताला उष्णतारोधक थर दिला तर कदाचित ६ किलोवॉटचं यंत्र पुरेल आणि मदतीच्या हीटरची गरजच उरणार नाही. मग वर केलेलं सगळं गणित हलकं होतं. घर आधी, यंत्र त्यानंतर आणि वायर सर्वांत शेवटी, असाच क्रम ठेवा. गरजेपेक्षा मोठं यंत्र सारखं चालू-बंद होत राहतं आणि त्याचं आयुष्यही कमी होतं.

आरसीसीबीबद्दल थोडं बारकाईने सांगते, कारण इथे चांगले वायरमनही चुकतात. विजेची गळती झाली की, झटका जिवावर बेतण्याआधी वीज तोडणारं हे उपकरण, आणि ३० मिलिअँपिअरचं ते घरात हवंच. पण त्यातही प्रकार असतात. जुन्या बोर्डात सहसा एसी प्रकारचं असतं (हा एसी म्हणजे उलटसुलट वाहणारा प्रवाह, खोली थंड करणारा नव्हे). ते फक्त साध्या, लाटेसारख्या गळतीला ओळखतं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आतमध्ये आधी विजेचं डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात, रूपांतर करतो, त्यामुळे दोष झाला तर गळतीतही डीसीचा अंश येतो. तो डीसी अंश एसी प्रकारच्या आरसीसीबीच्या गाभ्याला जणू बधिर करतो. मग बाहेर नळाला हात लागून कुणाला झटका बसत असेल, तरी ते पडणार नाही. म्हणून निदान ए प्रकारचं आणि सिंगल फेज इन्व्हर्टर यंत्राला शक्य तर एफ प्रकारचं घ्या. थ्री फेज यंत्राला अनेकदा बी प्रकार लागतो. यंत्राच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं असतं, ते पान वायरमनला उघडून दाखवा. आणि हे आरसीसीबी हीट पंपासाठी स्वतंत्र असू द्या. इन्व्हर्टर यंत्रातून थोडी गळती कायमच होत असते. ती घरातल्या इतर उपकरणांच्या गळतीत मिसळली की काही दोष नसताना सगळं घर अंधारात जातं.

अर्थिंग पंचवीस वर्षं जुनं आहे, ते मोजून घ्या. नुसती हिरवी वायर दिसली म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. जमिनीतला इलेक्ट्रोड गंजून तुटलेला असू शकतो. बाहेर पावसात उभं राहणारं धातूचं यंत्र आहे, इथे तडजोड नको. बोर्डात सर्ज, म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी, थोपवणारं उपकरणही बसवून घ्या, कारण या यंत्रातलं इलेक्ट्रॉनिक कार्ड विजेच्या एका कडाक्याने जाऊ शकतं.

बाहेरच्या युनिटजवळ, दिसेल अशा जागी, पाणी न शिरणारा एक आयसोलेटर, म्हणजे यंत्राची वीज पूर्ण तोडणारा स्विच हवा, आणि तो बंद स्थितीत कुलूप लावता येईल असा असावा. दुरुस्तीला आलेला माणूस मागच्या भिंतीपाशी वाकलेला असताना पुढच्या खोलीत कुणीतरी पडलेला एमसीबी वर करू नये, एवढ्यासाठी. मदतीच्या हीटरची वायर वेगळी असेल तर त्याचाही स्विच वेगळा असेल. दोन्हींवर मराठीत, मोठ्या अक्षरांत, काय बंद होतं ते लिहून ठेवा. स्विच बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं वीज शिल्लक राहते, म्हणून झाकण उघडण्याआधी पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचं. वायर युनिटमध्ये खालून वर शिरू द्या आणि शिरण्याआधी तिला खाली झुकता एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाईल, आत जाणार नाही. आतल्या आणि बाहेरच्या युनिटमधली संदेशाची बारीक वायर मात्र पॉवरच्या वायरसोबत एकाच कंड्युटमध्ये घालू नका. त्यामुळे यंत्र उगीच चुका दाखवत बसतं आणि महिनोन्‌महिने कारण सापडत नाही.

सगळं घर नव्याने वायर करायचं का, हे उरलं. माझ्या मते आत्ता नाही. हीट पंपाची वायर नवी आणि स्वतंत्र असल्यामुळे खोल्यांतल्या दिव्यापंख्यांच्या वायरवर त्याचा भार येतच नाही. पण मीटरपासून बोर्डापर्यंतची वायर, मेन स्विच, न्यूट्रलची पट्टी यांतून मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह तासन्‌तास जाणार आहे. ते सगळं बदला, आणि बोर्डात अजून तारेचे फ्यूज असतील तर बोर्डही बदला. वायर ॲल्युमिनियमची निघाली तर विशेष लक्ष द्या. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जातं आणि त्यावर साचणाऱ्या थरामुळे जोड बिघडतो. तांब्याशी ते थेट जोडायचं नसतं, त्यासाठी वेगळे लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारे जोड, येतात. बाकी घराच्या वायरिंगची मेगरने, म्हणजे आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, चाचणी करून घ्या. ५०० व्होल्टला रोध एक मेगओहमच्या वर आला तर ते सर्किट चालवायला हरकत नाही, त्याखाली आला तर त्याच सर्किटचं काम आधी काढा. ही चाचणी हीट पंप जोडण्याआधी करायची. जोडलेल्या यंत्रावर कुणी मेगर लावला तर त्याचं कार्ड जळू शकतं.

काम झालं की वायरमनला लगेच जाऊ देऊ नका. पंप पूर्ण क्षमतेने तासभर चालवा आणि मग बोर्डातल्या प्रत्येक जोडाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघायला लावा. शेजारच्या स्क्रूपेक्षा एखादा वीस अंशांनी जास्त तापला असेल तर तो तिथेच, मेन बंद करून, नीट करून घ्या. जोड आवळण्यासाठी टॉर्कचा (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा) पाना वापरणारा वायरमन मिळाला तर त्याला सोडू नका. पहिला हिवाळा संपला की सगळे जोड पुन्हा एकदा तपासून घ्या, कारण तापून-थंड होऊन ते पहिल्याच मोसमात सैल पडतात.

तुमचे वायरमन घाबरवतायत असं वाटून त्यांना बदलू नका. त्यांनी निदान धोका ओळखला आहे. त्यांना नेमप्लेटचा फोटो आणि पुस्तिकेतलं वायरिंगचं पान द्या आणि आठवडाभराचे आकडे समोर ठेवून पुन्हा बसा. ते आकडे मलाही कळवा, मी बघून सांगेन. फक्त दिव्यांचं ते काम यंत्र येईपर्यंत लांबवू नका, ते याच आठवड्यात करून घ्या.